मागचं पान

आमच्या शाळेत शिक्षकांना संगणक शिकवायचं काम आता नकाशाबाई करतात. चार वर्षांपूर्वी हे कोणी मला सांगितलं असतं तर मी चहा सांडला असता. तेव्हा संगणक सुरू व्हायला वेळ लागला की याच बाई त्याला म्हणायच्या, “सावकाश होऊ दे, मला घाई नाही.” एकदा पडद्यावर ‘तुम्हाला नक्की बंद करायचं आहे का?’ असा प्रश्न आला, तर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “याला वाईट तर वाटणार नाही ना?” शाळेतला संगणकाचा मास्तर मी. प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे, आणि तोराही माझ्याकडेच.

आता ती कामगिरी त्यांच्याकडे गेली, आणि गेली ते योग्यच झालं. का, ते सांगतो. नावं मात्र एकही देणार नाही. ही अट बाईंची आहे, आणि इथे ज्या दोनतीन नोंदी सांगेन त्या ज्यांच्या आहेत त्यांना विचारून सांगतोय. ही अटसुद्धा त्यांचीच. मला आपणहून सुचली नसती.

नकाशाबाई भूगोल शिकवतात. कुठल्याही देशाचा नकाशा फळ्यावर खडू न उचलता काढतात, म्हणून हे नाव. तेव्हा एकोणतीस वर्षं त्या दरवर्षी एक लांबट वही करत आल्या होत्या. वही पुढून उघडली की गुण, गृहपाठ, प्रकल्प. हा भाग मुलं बघतात, त्यावरून भांडतात, अर्धा गुण वाढवून मागतात. तीच वही उलटी करून मागून उघडली की बाईंचं मागचं पान. ते कोणी बघायचं नाही. एखाद्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, त्याला भिंतीकडे बसवू नये. एखादीची आई आजारी आहे, महिनाभर वह्या तपासायला मागू नयेत. एखादा खोटं बोलतो, पण धाकट्या भावासाठी. मुलाला ओरडण्याआधी बाई मागचं पान बघून येतात, असं स्टाफरूममध्ये सगळे थट्टेने म्हणायचे. थट्टा कसली, खरंच बघून यायच्या. वर्ष संपलं की वही कपाटात, कपाटाला कुलूप.

मग वरून फर्मान आलं की प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांबरोबर संगणकावर काम करायचं. शिकवायचं कोणी? मी. चार शनिवार, दोन दोन तास. मी पहिल्या तीन शनिवारी रंगीत आलेख, फिरणारी चित्रं, आपोआप बेरीज करणारे तक्ते असं सगळं दाखवलं. लोक वा वा करत होते, मी फुगत होतो. कोणाला काय दिसतं, कोण काय बदलू शकतं, पुसलेलं कुठे राहतं, मुलांची माहिती कशी सांभाळायची, हा भाग मी चौथ्या शनिवारच्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी ठेवला होता. त्या अर्ध्या तासात एकाचा माऊस चालेना, दुसऱ्याचा पासवर्ड सापडेना, आणि घंटा झाली. मी कागद वाटले आणि म्हणालो, “उरलेलं सोपं आहे, घरी वाचून घ्या.”

घरी कोणी वाचलं नाही. मीसुद्धा वाचलं नसतं.

बाई मात्र सगळ्यांपेक्षा जास्त शिकल्या. प्रत्येक पायरी वहीत लिहून घ्यायच्या. ‘डावं बटण एकदा. थांबा. चिडू नये, त्याला कळत नाही.’ मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून प्रयोगशाळेत येऊन बसायच्या. दोन महिन्यांत त्यांनी त्यांच्या नववीच्या वर्गासाठी एक सामायिक तक्ता उघडला आणि छत्तीस मुलांना सांगितलं, “आपापल्या गल्लीत काय आहे ते यात भरा. पुस्तकात नाही ते भरा.”

मुलांनी भरलं. कुठला दिवा बंद आहे, कुठल्या वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही, पाणी कुठे तुंबतं. एक रकाना बाईंनी दिलाच नव्हता, तो मुलींनी आपणहून वाढवला: ‘इथून एकटं जायचं नाही.’ त्या रकान्यात सतरा जागा होत्या. या गल्ल्यांतून मी रोज ये-जा करतो, मला एकही माहीत नव्हती. बाईंनी तो तक्ता मुलांकडूनच छापून घेतला आणि दोन मुली तो घेऊन नगरपालिकेच्या कार्यालयात गेल्या. आठ दिवसांत चार दिवे लागले. मला वाटलं, माझ्या शिकवण्याचं सोनं झालं. बाईंच्या वर्गाच्या कामावर मी स्वतःचीच पाठ थोपटून घेत होतो.

मग एका शुक्रवारी सकाळी मुख्याध्यापिकांना दाखवावा म्हणून मी तो तक्ता उघडला. खाली दोन कप्पे दिसले. एकाचं नाव ‘गल्ल्या’, दुसऱ्याचं ‘मागचं’. दुसरा उघडला तर छत्तीस मुलांची नावं ओळीने, आणि पुढचा रकाना रिकामा. पस्तीस चौकोन कोरे. फक्त ज्या उंच मुलाला सगळे खांब म्हणतात त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं: ‘पहिल्या तासाला झोपतो. पहाटे वडिलांबरोबर कामाला जातो. झोपू द्यावं.’

बाई तेवढ्यात आल्या. मला चेष्टेची लहर आली. “बाई, नावं लिहून दमलात वाटतं? खांबाच्या पुढे गाडी सरकली नाही?”

“म्हणजे?” बाई वाकून बघू लागल्या. “मी तर सगळ्यांचं लिहिलंय. दोन आठवडे लागले मला. दोन दोन वह्या कशाला सांभाळायच्या म्हणून मागचं पानही यातच घेतलं. परवा पूर्ण झालं.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा चेष्टेची लहर उतरली. बाईंच्या हिशेबाने वही तीच, पुढून मुलांची, मागून त्यांची. वहीची सवय एकोणतीस वर्षांची. वही मुलांच्या हातात दिली तरी मागचं पान कोणी उलटत नाही. पण तक्त्याला मागची बाजू नसते. जो कप्पा त्यांना दिसतो तो छत्तीस जणांना दिसतो, आणि छत्तीस जणांना बदलताही येतो. मी हे बाईंना सांगितलं. जमेल तितकं हळू सांगितलं, पण हे हळू सांगायचं तरी कसं?

बाई रडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “टाचणी आज आली नाहीये.”

टाचणी म्हणजे वर्गातली सडपातळ, जिभेला धार असलेली मुलगी. आदल्या वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेली. बाईंनी तिच्यापुढे लिहिलं होतं: ‘वडील तुरुंगात. जहाजावर आहेत असं सांगते. सांगू द्यावं. बंदरांची नावं बरोबर सांगते.’ आधीच्या शाळेत ही गोष्ट फुटली, मुलांनी तिला घेरलं, आणि तिने दप्तर वर्गात तसंच टाकून शाळा सोडली होती. आमच्याकडे नाव घालताना तिच्या आईने बाईंना एकच गोष्ट मागितली होती. बाईंनी शब्द दिला होता.

“कोणी वाचलं ते कळतं का हो?” बाईंनी विचारलं.

“वाचलेलं कळत नाही. कोणी काय बदललं ते कळतं.”

आधी मी तक्ता सगळ्या मुलांसाठी बंद केला. मग त्याचा इतिहास उघडला. उजवीकडे वेळांची यादी आली, प्रत्येक वेळेसमोर ज्याने बदल केला त्याचं नाव. मी माऊस वर नेला तसा बाईंनी माझा हात धरला. “नोंदी वाचू नका, सर. नुसती नावं वाचा.”

गुरुवार, चार वाजून बावन्न मिनिटं. नाव होतं भोंग्याचं.

आता भोंगा म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. या मुलाच्या तोंडात तीळ भिजत नाही. मुख्याध्यापिकांची बदली होणार हे त्यांना स्वतःला कळायच्या आधी त्याने साऱ्या शाळेला सांगितलं होतं. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, असं वाटलं.

त्याने एकच बदल केला होता. टाचणीचा चौकोन कोरा केला होता. फक्त तिचा. त्याच्या स्वतःच्या नावापुढे बाईंनी लिहिलं होतं की त्याला वाचताना अक्षरं उलटसुलट दिसतात, मोठ्याने वाचायला लावू नये. ते त्याने तसंच ठेवलं होतं.

चार अठ्ठावन्न. भोंग्याचा चौकोन दुसऱ्या एका मुलीने कोरा केला. तिचा कोणी तरी तिसऱ्याने. पुढे तासभर नुसती धांदल. कोणी एकदम दहा ओळी पुसल्या, कोणाकडून चुकून त्या परत आल्या, पुन्हा पुसल्या. कोणी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वाचू नका रे.’ त्याखाली कोणी लिहिलं, ‘मी नाही वाचलं.’ त्याखाली, ‘मग तुला कसं कळलं वाचू नये ते?’ मग ही सगळी बडबडही पुसलेली. खांबाचा चौकोन एकाने पुसला तर खुद्द खांबाने तो परत आणला आणि शेजारी लिहिलं, ‘हे राहू दे, हे सगळ्यांना माहीत आहे, मला झोपायचंय.’ अकरा मुलांचा हात लागला होता. स्वतःची ओळ पुसणारे त्यात दोघंच. बाकीच्यांनी आधी दुसऱ्यांची पुसली होती.

मी पंधरा वर्षं हे यंत्र शिकवतोय. मुलं काय काय करतात ते बघून बघून माझा विश्वास उडालेला. एकमेकांचे फोटो बिघडवणं, दुसऱ्याच्या नावाने काहीबाही लिहिणं, चिडवणं. आणि इथे कोणी बघत नसताना, कोणी सांगितलं नसताना, चौदा वर्षांची पोरं एकमेकांवर पांघरूण घालत होती. बाई पडद्याला हात लावून बसल्या होत्या, काच थंड आहे की गरम ते बघितल्यासारख्या.

मग माझं खरं रूप बाहेर आलं. मी म्हणालो, “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरांनी सांभाळलंय. आपण फाईल कायमची काढून टाकू आणि गप्प बसू. वर कळलं तर तुमची नोकरी जाईल, माझीही.”

“टाचणी का आली नाही?” बाई म्हणाल्या.

“ताप असेल.”

“सर, चला. मधल्या सुट्टीत जाऊन येऊ.”

दोन खोल्यांचं घर होतं, एका शिंप्याच्या दुकानाच्या वर. टाचणीची आई त्याच दुकानात काजं-बटणं करते. आम्हाला बघून ती उठली आणि म्हणाली, “बरं झालं आलात. ही सांगत काही नाही. शाळेत जायचं नाही एवढंच म्हणते.”

टाचणी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. दिवे लागल्यापासून तक्ता कोणी उघडलाच नव्हता; गल्लीतला एक दिवा पुन्हा बंद पडला म्हणून ते भरायला तिने गुरुवारी साडेचारला आईच्या फोनवर तक्ता उघडला होता, दुसरा कप्पा दिसला, स्वतःची ओळ वाचली आणि फोन बंद करून ठेवून दिला. त्यानंतर काय झालं ते तिला माहीतच नव्हतं.

बाईंनी आधी आईला सगळं सांगितलं. काही सोडलं नाही, माझ्यावर ढकललंही नाही. मी ढकललं असतं. मग टाचणीकडे वळून म्हणाल्या, “मी तुझ्या आईला शब्द दिला होता आणि माझ्याच हाताने मोडला. पोरी, मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही. पण म्हणते.”

“आता काय उपयोग?” टाचणी म्हणाली. “सगळ्यांनी वाचलं.”

“पुसलं त्यांनी,” मी मधेच म्हणालो. “एकमेकांचं पुसलं. थांब, दाखवतो तुला.” मी बरोबर आणलेला लॅपटॉप उघडायला लागलो. माझ्या मते प्रश्न सुटला होता. तो इतिहास तिने दोन मिनिटं बघितला असता तर सोमवारी पळत शाळेत आली असती.

बाईंनी झाकणावर हात ठेवला.

“बाई, अहो, पुरावा आहे हा!”

“त्यात बाकीच्या पस्तिसांचं आहे, सर.”

मुलीला परत आणायची एकमेव किल्ली आमच्या हातात होती, आणि बाई ती वापरायला तयार नव्हत्या. कागद वाटून ‘वाचून घ्या’ म्हणणारा मी, आणि तो कागद कधीच न वाचलेल्या या बाई. तो धडा त्यांना कुठून आला असेल? एकोणतीस वर्षांच्या त्या वह्यांतूनच आला असणार. त्यांना फक्त यंत्र नवीन होतं.

बाई टाचणीला एवढंच म्हणाल्या, “सगळ्यांत आधी तुझी ओळ पुसली गेली. कोणी पुसली ते मी सांगणार नाही. हवं तर वर्गात येऊन तूच विचार.”

टाचणी आत निघून गेली. दार लावून घेतलं तिने. आईने आम्हाला चहा विचारला नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

शेवटच्या तासाला बाई वर्गात उभ्या राहिल्या. फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाल्या, “तुमच्याबद्दलच्या खाजगी गोष्टी मी अशा ठिकाणी ठेवल्या जिथे त्या सगळ्यांना दिसल्या. ही माझी चूक आहे. तुम्ही काल जे केलंत ते मी पाहिलं. मी तुमच्यासारखी नववीत असते तर केलं असतं की नाही, मला माहीत नाही.” मग मागून एकजण म्हणाला, “बाई, माझ्याबद्दल काय लिहिलं होतं? मी उघडलं तोवर पुसलंपण होतं!”

सगळे हसले. बाईही हसल्या, डोळे पुसत. “मधल्या सुट्टीत ये. तुला एकट्याला सांगते.”

पुढचे पंधरा दिवस त्या हेच करत होत्या. एकेकाला बोलवायच्या, कागदी वहीतली त्याची नोंद त्याच्यासमोर ठेवायच्या आणि विचारायच्या, “हे खरं आहे का? ठेवू की फाडू?” एकीने सांगितलं, बाई, हे आता खरं नाही, आई बरी झाली. एकाने दोन शब्द बदलून मागितले. आपल्याबद्दल कोणी काय लिहून ठेवावं हे आपल्याला विचारतात, ही गोष्टच त्यांना नवी होती. मलाही.

त्या शुक्रवारी मात्र त्याच तासाला बाईंनी दारात उभ्या मला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, “सर, तुमचा राहिलेला अर्धा तास आता घ्या.” वरातीमागून घोडं, पण घेतला. कोण बघू शकतं, कोण बदलू शकतं, आणि पुसलेलं खरंच पुसलं जातं का. इतिहास नावाची गोष्ट असते हे ऐकून मुलांचे चेहरे उतरले. म्हणजे त्यांनी जे झाकलं ते अजून तिथेच होतं. मी त्यांच्यासमोर ती अख्खी फाईल काढून टाकली, कचऱ्याच्या कप्प्यातूनही काढली. बाईंनी विचारलं, “आता कुठेच नाही ना?” मी म्हणालो, “माझ्या माहितीत तरी कुठेच नाही.” त्या दिवसापासून मी ‘माझ्या माहितीत तरी’ हे शब्द जोडूनच बोलतो.

नंतर बाईंनी स्वतः जाऊन मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली, दोघांनाही. बाई म्हणाल्या, मिळायलाच हवी होती.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी पहिल्या तासाला मी काही ना काही निमित्त काढून नववीच्या दाराशी केबल तपासत बसलो होतो. तिथे केबल नाही हे मुलांनाही माहीत होतं. टाचणीची जागा रिकामी. घंटा होऊन पाच मिनिटं झाली. बाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

टाचणी आली. दारात माझ्याकडे बघितलंही नाही. बाईंना “आत येऊ का?” विचारलं आणि स्वतःच्या जागेकडे न जाता सरळ जाऊन भोंग्याच्या बाकापाशी थांबली. ती त्याच्याकडेच का गेली, मला माहीत नाही. वर्गात ज्याची सगळ्यांत जास्त भीती वाटावी असा तोच होता, म्हणून असेल.

“तू वाचलंस?”

भोंग्याने मान हलवली. “वाचलं.”

“कोणाकोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही.”

“खोटं नको बोलूस. तू? कोणालाच नाही?”

“नाही सांगितलं ना!” तो लाल झाला होता. “ते तू सांगायचंस. मी कसं सांगू?”

सगळा वर्ग त्या दोघांकडे बघत होता. खांबसुद्धा जागा होता. टाचणीने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मग तिने वर्गाकडे तोंड केलं आणि कोणी विचारलं नसताना म्हणाली, “माझे वडील तुरुंगात आहेत. अजून दोन वर्षं आहेत. जहाजबिहाज काही नाही.”

ती पुन्हा भोंग्याकडे वळली. “सरक.”

तो सरकला. ती त्याच्या शेजारी बसली आणि वही काढू लागली.

बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आवाज नेहमीसारखा होता. अठरापर्यंत आल्या आणि थांबल्या. खाली मान घालून त्या हजेरीपटाकडे बघत राहिल्या. मी दारात, हातात नसलेली केबल धरून.

“एकोणीस,” टाचणी म्हणाली. “हजर, बाई.”